सापेक्ष वत्सल : कर्करोगग्रस्त बालकाच्या उपचारकाळाचे वाङ्मय

करुण रस आणि विप्रलंभ शृंगार या दोहोंत अश्रू, निःश्वास, चिंता, ग्लानी ही बाह्य लक्षणे बव्हंशी सारखीच असतात. मग दोहोंत भेद तो कोणता, हा प्रश्न भरतमुनींनाही पडला होता आणि नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात त्यांनी त्याचे उत्तर एका शब्दाच्या फरकाने दिले आहे. करुण हा निरपेक्ष होय, विप्रलंभ हा सापेक्ष होय. जेथे गेलेले परत येण्याची अपेक्षाच उरलेली नाही तेथे करुण. जेथे ती अपेक्षा, कितीही क्षीण का असेना, जिवंत आहे तेथे विप्रलंभ. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या दोहोंच्या सीमेवर करुणविप्रलंभ नावाचा एक तिसरा प्रांत आखला. प्रियजन परलोकी गेला आहे, तरी तो पुन्हा भेटेल असा भरवसा मिळालेला आहे, अशी ती अवस्था. बाणाच्या ‘कादंबरी’तील पुंडरीक व महाश्वेता हे त्याचे नेहमीचे उदाहरण. याच विश्वनाथाने वत्सलाला स्वतंत्र रसाचे स्थान दिले आणि अपत्य हे त्याचे आलंबन व अपत्याच्या चेष्टा हे उद्दीपन असे सांगितले. परंतु वत्सलाचे सापेक्ष व निरपेक्ष असे दोन भेद मात्र त्याने केले नाहीत. करण्याचे कारणही त्याला नव्हते. चौदाव्या शतकात आजारी मूल एक तर बरे होत असे किंवा जात असे. आणि या दोन टोकांमधील काळ सहसा इतका तोकडा असे की त्याला स्वतःचा असा भाव प्राप्त होणे कठीण होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मधला काळ लांबला. बालकांच्या कर्करोगावर उपचार निघाले, ते महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षे चालू लागले, आणि या काळात आईबापांनी जे भोगले त्यातून एक लहानसे परंतु लक्षणीय वाङ्मय निर्माण झाले. त्याची समीक्षा बहुधा शोकवाङ्मय म्हणूनच होत आली आहे. विलापिकांच्या शेजारी त्याला बसवले जाते आणि मग त्याची ताकद अश्रूंच्या मापाने मोजली जाते. हे वर्गीकरण मुळातच चुकीचे आहे. ज्याचा स्थायी भाव अपेक्षा आहे त्याला शोकाच्या कसोटीवर घासले, तर त्याचे मर्म तर हातून निसटतेच, शिवाय त्यातील खरे दोषही दृष्टीस पडत नाहीत.

मराठीपुरते पाहावयाचे तर बालमृत्यूचे काव्य आपल्याकडे विपुल आहे आणि त्यातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता. मांडीवरचे मूल गेले आहे हे भोवतालच्या सर्वांना कळते, आईला मात्र ते मान्य नाही. ते निजले आहे असेच ती म्हणत राहते. ही आईदेखील एका अर्थी अपेक्षेतच आहे. पण तिची अपेक्षा हा भ्रम आहे व तो भ्रम आहे हे वाचकाला पहिल्यापासून माहीत आहे. कवितेचा सारा करुण या विसंगतीतून उत्पन्न होतो. उपचारकाळातील आईची गोष्ट याहून निराळी. तिच्या अपेक्षेला डॉक्टरांचा आधार असतो, आकड्यांचा आधार असतो, आणि तरीही ती अपेक्षा खरी की खोटी हे तिला, डॉक्टरांना, लेखकाला, कोणालाच ठाऊक नसते.

हा आकड्यांचा आधार केव्हापासून मिळू लागला याची तारीख जवळजवळ सांगता येते. 1947 च्या अखेरीस बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देण्यास आरंभ केला व 1948 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. (हे औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या भीमावरमच्या सुपुत्राकडे होती, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुरेशी सांगितली जात नाही.) मुले सुधारली, खेळू लागली, घरी गेली, आणि काही महिन्यांत आजार परतला. औषधाने मृत्यू टळला नाही, लांबला. यानंतरची सुमारे वीस वर्षे वैद्यकाच्या इतिहासात आशेच्या प्रारंभाची म्हणून नोंदली जातात. आईबापांच्या दृष्टीने मात्र ती फार विलक्षण क्रूर वर्षे होती, कारण मूल बरे झालेले डोळ्यांना दिसत होते आणि ते बरे झालेले नाही हे कानांना सांगितले जात होते. 1962 साली मेंफिस येथे सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झाले. तेथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे व किरणोपचार यांची सांगड घातली आणि त्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुले खरोखरीच वाचू लागली. आज संपन्न देशांत या विशिष्ट रोगातून दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

पीटर डी व्रीज यांची ‘द ब्लड ऑफ द लॅम्ब’ ही कादंबरी 1961 सालची, म्हणजे बरोबर त्या क्रूर वर्षांतील आहे. डी व्रीज हे विनोदी लेखक म्हणून ख्यातनाम. 1960 साली त्यांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली. तिचा नायक डॉन वाँडरहोप हा शिकागोतील कर्मठ डच कॅल्व्हिनपंथी कुटुंबात वाढलेला, श्रद्धा गमावलेला, पत्नीच्या आत्महत्येनंतर एकटाच मुलीला वाढवणारा पिता आहे. कादंबरीचा पूर्वार्ध हा बराचसा प्रहसनात्मक आहे व कित्येक टीकाकारांना तो उत्तरार्धाशी विसंगत वाटला. त्यांचे म्हणणे वरवर खरे आहे. कॅरलचे दुखणे सुरू होईपर्यंत कादंबरी निम्म्याहून पुढे गेलेली असते, आणि तोवरच्या प्रेमप्रकरणांत व कोट्यांमध्ये लेखक वाजवीपेक्षा अधिक रमला आहे हे कबूल करावे लागते.

परंतु विनोदाचा हा अभ्यास पुढे कोठे उपयोगी पडतो ते पाहण्यासारखे आहे. दूरदर्शनवर जुना विनोदी चित्रपट पाहताना कॅरल एक बारीक गोष्ट टिपते. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर केकसारखा पदार्थ फेकून मारला, की मार खाणारा लगेच उलटून येत नाही. तो शांतपणे उभा राहतो, डोळ्यांवरचा लगदा सावकाश पुसतो, आणि मारणाराही तोवर थांबून राहतो. जणू हा एक विधीच आहे. मुलीचे हे निरीक्षण वाचक विसरून जातो. शेवटी तिच्यासाठी आणलेला केक वाँडरहोप चर्चमध्ये विसरतो, रुग्णालयात जातो, आणि तेथे त्याला कळते की तपासणीत रक्त सुधारल्याचे दिसते न दिसते तोच वॉर्डात पसरलेल्या जंतुसंसर्गाने मुलीला गाठले आहे. सर्व संपल्यावर तो केक घेऊन बाहेर येतो आणि दारावरच्या क्रूसावरील ख्रिस्ताच्या मुखावर फेकतो. त्याला भास होतो की ते मुख सावकाश, शांतपणे डोळे पुसत आहे. ईश्वरनिंदेचे कृत्य मुलीच्या शब्दांतून एका जुन्या प्रहसनाच्या विधीत रूपांतरित होते. इतके अवघड स्थित्यंतर पेलण्यास विनोदी लेखकच हवा होता. पूर्वार्धातील सैलपणा क्षम्य ठरतो तो या एका जागेमुळे.

तथापि सापेक्ष भावाच्या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा क्षण हा नव्हे. तो याच्या आधी येतो. वाँडरहोप चर्चमध्ये गुडघे टेकतो तेव्हा तो मुलीचे आयुष्य तिच्यासाठी मागतो, आणि ते मिळणार नसेल तर निदान काही काळ तरी मागतो. तो एक वर्ष मागतो. हे वर्ष त्या काळच्या वैद्यकाने ठरवून दिलेले माप आहे. प्रार्थनेची मर्यादा औषधाच्या मर्यादेने आखावी, ही गोष्ट भक्तिवाङ्मयाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. देवापाशी मागताना कोणी इतके काटेकोर मागत नाही. पण ज्याला आशा डॉक्टरांकडून हप्त्याहप्त्याने मिळत आहे तो मागणार तरी किती? त्याच वॉर्डातील स्टाइन हा दुसरा मुलीचा बाप ही हप्त्यांची आशासुद्धा नाकारतो. औषधे शोधणाऱ्यांची प्रगती म्हणजे यातना लांबवण्याची कला, असा त्याचा एकंदर सूर आहे. वाँडरहोप व स्टाइन यांचे संवाद हा कादंबरीचा कणा होय. दोघांपैकी कोणीही जिंकत नाही. लेखकाने एकालाही जिंकू दिले नाही, यातच त्याचा विवेक दिसतो. शेवटच्या प्रकरणात मात्र तो दुःखाविषयी काही सिद्धांत मांडू पाहतो आणि तेथे स्वर उपदेशकाचा होतो.

कॅरलच्या मृत्यूनंतर पित्याच्या हाती तिच्या आवाजाची ध्वनिफीत लागते. त्याने तारुण्यात लिहिलेला आपल्या जीवनदृष्टीचा एक जाहीरनामा मुलीने वाचला होता आणि त्यानेच तिला धीर दिला होता. म्हणजे तिला सर्व ठाऊक होते. पिता तिच्यापासून लपवीत होता व ती आपल्याला ठाऊक आहे हे पित्यापासून लपवीत होती. अर्ध्या वाढलेल्या मुलाच्या बाबतीत उपचारकाळाचे हे दुहेरी मौन फार सत्य आहे.

मूल याहून लहान असेल, त्याला भाषाच नसेल, तर लपवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो समजण्यास आपल्या परंपरेतील एक प्रसंग उपयोगी पडेल. भागवताच्या दशम स्कंधात यशोदा कृष्णाला उखळाशी बांधू पाहते. दावे प्रत्येक वेळी दोन बोटे उणे पडते. घरातील सारी दावी जोडली तरी दोन बोटे उणेच. अखेर आई दमली, घामाघूम झाली, हे पाहून कृष्ण स्वतःच बांधला जातो. वत्सल रसाची ही परमावधी मानली गेली आहे, आणि तिचे रहस्य असे की मूल बांधले जाते ते आईवर कृपा करून. बांधणारी आई येथे खरोखर असमर्थ आहे. उपचारकक्षातील आईला ही सवलत नाही. शीर सापडावी म्हणून हात घट्ट धरून ठेवणे, पाठीच्या कण्यात सुई जाताना इवल्याशा देहाला वाकवून दाबून धरणे, कडू औषध नाक दाबून पाजणे, ही कामे तिला करावी लागतात आणि तिचे दावे कोठेही उणे पडत नाही. ज्या हातांवर मुलाचा विश्वास तेच हात त्याला वेदनेच्या स्वाधीन करतात. वत्सलाचा अनुभाव, म्हणजे कवटाळणे, आणि त्याच्या नेमका विरुद्ध असा अनुभाव, म्हणजे जखडणे, येथे एकाच हालचालीत एकत्र येतात. जुन्या रसव्यवस्थेत या मिश्रणाला नाव नाही.

लॉरी मूर यांच्या ‘पीपल लाइक दॅट आर द ओन्ली पीपल हिअर’ या 1997 साली ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात आलेल्या दीर्घकथेचा गाभा हाच आहे. कथेत कोणालाही नाव नाही, निदान मुख्य पात्रांना नाही. आई, नवरा, बाळ, शल्यचिकित्सक. बाळाच्या लंगोटात रक्ताची गाठ सापडते येथून कथा सुरू होते. मूत्रपिंडावर विल्म्सची गाठ असल्याचे निदान होते. एक मूत्रपिंड काढले जाते. कथेचे उपशीर्षक बालकर्करोग विभागाचे रुग्णालयी बोलीतील लघुरूप आणि बाळाच्या बोबड्या बडबडीची भाषाशास्त्रीय संज्ञा यांची जोड घालून बनवले आहे. या जोडणीतच लेखिकेचा सारा विषय आला. एकीकडे भाषा अजून न आलेले मूल, दुसरीकडे भाषेचे तुकडे करून बोलणारे रुग्णालय, आणि मध्ये शब्दांवरच जिचा चरितार्थ चालतो अशी लेखिका असलेली आई. नवरा तिला बजावतो की हे सारे टिपून ठेव, आपल्याला पैसा लागणार आहे. विमा व खर्च यांचा हा धाक अमेरिकन वास्तवाचा अविभाज्य भाग असून कथा तो लपवीत नाही. आई म्हणते की हे लिहिण्याजोगे नाही. आणि वाचक वाचीत असतो ती तीच गोष्ट.

भूल देण्याच्या वेळी आईला आत येऊ दिले जाते. मुखवट्यातून वायू येतो, बाळ धडपडते, आई गाणे म्हणत राहते. हा प्रसंग लेखिकेने अगदी थोडक्यात सांगितला आहे व त्यावर भाष्य करण्याचे टाळले आहे. यशोदेच्या प्रसंगाशी त्याची तुलना करणाऱ्यास लक्षात येईल की येथे बाळ स्वेच्छेने बांधले जात नाही. ते फक्त निजते, आणि ते निजणे आईनेच घडवून आणले आहे. अंगाई आणि भूल यांचे कार्य क्षणभर एक होते. मराठी वाचकाला येथे गोविंदाग्रजांच्या कवितेतील निजलेल्या राजहंसाची आठवण व्हावी, आणि दोन्हींतील अंतरही त्याच क्षणी जाणवावे.

मूर यांच्या कथेवर एक आक्षेप असा घेतला जातो की ती अतिशय हुशार आहे. आई पदोपदी कोट्या करते, आणि तिच्या कल्पनेत देव एका मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक होऊन तिच्याशी घासाघीस करतो. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. काही ठिकाणी चातुर्य हे वेदनेचे कवच न राहता केवळ सवयीचा भाग होते. परंतु कथेचा शेवट पाहता या स्वभावाची गरज पटते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतात की अशा कमी धोक्याच्या बालकांत रसायनोपचार न देता केवळ वेळोवेळी तपासणी करण्याचा एक पर्याय आहे. आईबाप तो पर्याय घेतात आणि बाहेर पडतात. वॉर्डातील इतर आईबाप, ज्यांची मुले वर्षानुवर्षे तेथे आहेत, त्यांची सहनशीलता, त्यांचे परस्परांना धीर देणे, यांविषयी नवरा कौतुकाने बोलतो. आईला मात्र या माणसांपैकी कोणाचेही तोंड पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. हे निष्ठुर वाक्य कथेत अत्यंत प्रामाणिक आहे. दुःखितांची बिरादरी हा दिलासा म्हणून अनेक लेखनांत आपसूक येतो. मूर यांची नायिका ती बिरादरी नाकारते, कारण ती स्वीकारणे म्हणजे आपण येथलेच आहोत हे मान्य करणे. आपण येथले नाही, ही तिची अपेक्षा होय. येथे बाळ बरे झाले की नाही हे कथा सांगत नाही. सांगितले असते, तर ती एका क्षणात सुखान्त किंवा करुण झाली असती.

याउलट अलेक्झांडर हेमन यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या 2011 मधील लेखात शेवट काय हे आरंभापासून जाणवत राहते. सारायेव्होत जन्मलेले व 1992 पासून शिकागोत राहिलेले हेमन हे कादंबरीकार; 2010 साली त्यांच्या तान्ह्या मुलीच्या मेंदूत अत्यंत दुर्मीळ व घातक गाठ आढळली आणि काही महिन्यांतच तिचा अंत झाला. हा लेख पुढे ‘द बुक ऑफ माय लाइव्ह्ज’ या 2013 सालच्या पुस्तकात समाविष्ट झाला. निकाल आधीच लागलेला असल्यामुळे तो करुणाच्या प्रांतात जावा अशी अपेक्षा असते. हेमन ते होऊ देत नाहीत. ते शस्त्रक्रियांचा, संसर्गांचा, औषधांच्या नावांचा क्रम जवळजवळ नोंदवहीच्या शिस्तीने देतात. आपण काचेच्या हौदात असून बाहेरचे जग दिसते पण त्याच्याशी श्वासाचा संबंध उरलेला नाही, ही शीर्षकातील प्रतिमाही ते फार ताणीत नाहीत. दुःखाने माणूस उन्नत होतो या समजुतीचा ते स्पष्ट शब्दांत धिक्कार करतात.

या लेखात एक भाग मात्र अपूर्व आहे. मोठी मुलगी तेव्हा सुमारे तीन वर्षांची, भाषेच्या भराच्या वयातील. तिच्याकडे शब्द भराभर येत होते आणि त्या शब्दांना पुरेसा अनुभव नव्हता. घरात जे घडत होते ते तिला कोणी पूर्ण सांगत नव्हते. तिने एक काल्पनिक भाऊ निर्माण केला. तो आजारी पडे, बरा होई, प्रवासाला जाई. कादंबरीकार पित्याने त्यात स्वतःच्याच व्यवसायाचे मूळ ओळखले: जे कळत नाही ते जगून पाहण्यासाठी पात्र निर्माण करणे. उपचारकाळाच्या वाङ्मयात आजारी मुलाच्या भावंडाकडे इतक्या सूक्ष्मतेने क्वचितच पाहिले गेले असेल. आईबापांचे सारे लक्ष रुग्णालयात असते तेव्हा घरातील धडधाकट मूल आपली सोय आपण लावीत असते. आणि येथे तर सापेक्ष भावाची कलाकृती त्या मुलानेच रचली, पित्याने केवळ तिची नोंद घेतली.

या पार्श्वभूमीवर संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ या 2004 सालच्या मराठी चित्रपटाकडे वळले असता प्रथम जाणवते ते असे की यात मृत्यू हा प्रश्नच नाही. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात कोकणातील परशुराम नावाच्या लहान मुलाला दृष्टिपटलाचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया केली तर प्राण वाचतील, पण दृष्टी कायमची जाईल. मध्यभागी आईबाप नसून आजोबा आहेत. सापेक्षतेचे स्वरूपच त्यामुळे पालटते: अपेक्षित गोष्ट, म्हणजे मुलाचे जगणे, बहुतांशी मिळणार आहे, आणि तिची किंमत काय हेही आधीच माहीत आहे. अनिश्चितता नाही, आणि तरीही एकेक क्षण जड जातो. असे होते याचे कारण ही किंमत भरणारा निराळा व तिला होकार देणारा निराळा.

वैद्यकीय नीतिशास्त्रात या प्रश्नावर बराच ऊहापोह झालेला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1995 साली असे प्रतिपादन केले की संमती ही खऱ्या अर्थाने ज्याची त्यालाच देता येते. आईबाप देतात ती परवानगी, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचा रुकारही घेतला पाहिजे. ‘श्वास’मधील नाट्य या रुकाराभोवती फिरते. मुलाला हे सांगायचे कोणी, कसे, कोणत्या शब्दांत? डॉक्टरांपाशी शब्द आहेत पण नाते नाही. आजोबांपाशी नाते आहे पण शब्द नाहीत. रुग्णालयातील समाजसेविका या दोहोंच्या मध्ये उभी आहे आणि ती भूमिका अमृता सुभाष यांनी अतिरेक टाळून केली आहे. अरुण नलावडे यांचे आजोबा बहुतेक वेळ गप्पच असतात. शहराची, कागदपत्रांची, वैद्यकीय भाषेची सवय नसलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी जो किंचित थांबतो, तो थांबा नलावडे यांनी अचूक पकडला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा कोणालाही न सांगता मुलाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात. डॉक्टर संतापतात. चित्रपट पाहणारे बहुतेक जण या संतापाला अहंकार समजतात आणि चित्रपटाची मांडणीही त्यांना त्या दिशेने थोडी ढकलते. हा तिचा दोष होय. भारतातील कर्करोग रुग्णालयांना उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्या कुटुंबांचा अनुभव नित्याचा आहे. पैसा संपतो, गाव दूर असते, दुसरी मुले घरी असतात, कोणीतरी दुसऱ्या उपायाचा सल्ला देते. आणि वाचू शकले असते असे मूल वाचत नाही. पालकासह मूल खाटेवर नाही, याचा अर्थ डॉक्टरच्या अनुभवात एकच असतो. संदीप कुलकर्णी यांच्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर रागाच्या मागे ही भीती क्षणमात्र दिसून जाते, पण पटकथा तिला वाचा देत नाही. त्याऐवजी वृत्तपत्रांच्या गवगव्याचा एक धागा ती आत आणते. तो धागा चित्रपटातील सर्वांत दुबळा भाग आहे. रुग्णालयाची अब्रू धोक्यात आहे की नाही, याच्याशी त्या मुलाच्या डोळ्यांचा काही संबंध नाही.

1953 साली पडद्यावर आलेल्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ मिळवले, त्यानंतर तो मान मिळवणारा दुसरा मराठी चित्रपट ‘श्वास’ ठरला. दोहोंची तुलना अनेकदा झाली ती केवळ पुरस्काराच्या संदर्भात. वस्तुतः ‘श्यामची आई’त वडील पिढी मुलाला काय व्हावे ते सांगते, आणि तिच्यापाशी ते सांगण्याचा अधिकार व भाषा दोन्ही आहेत. ‘श्वास’मधील आजोबांना अधिकार कायद्याने मिळालेला आहे, सही त्यांचीच चालते, भाषा मात्र त्यांना कोणत्याही संस्काराने दिलेली नाही. त्यांनी मुलाला बाहेर नेणे हे त्या न सापडलेल्या वाक्याच्या जागी केलेले कृत्य आहे. डी व्रीज यांचा पिता देवापाशी एक वर्ष मागतो. हे आजोबा कोणापाशीही न मागता एक दिवस काढून घेतात.

त्या दिवशी ते मुलाला काय दाखवतात, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. गावचा समुद्र, घर, माड यांपैकी काहीच ते दाखवू शकत नाहीत, कारण परत जाऊन येण्याइतका वेळ नाही. जवळ आहे ते शहर. त्याची गर्दी, त्याची करमणूक, त्याचे रंग. विश्वनाथाच्या व्यवस्थेत मुलाच्या लीला आईबाप पाहतात व त्यांतून वत्सल उद्दीपित होतो. येथे आजोबांचे लक्ष मुलाच्या चेष्टांपेक्षा त्याच्या पाहण्याकडे आहे. त्या पाहण्यात निरोपाचा लवलेश नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला यातील बरेचसे पूर्वी कधी दिसलेलेच नव्हते, म्हणून आजोबा ज्या गोष्टी अखेरच्या म्हणून दाखवीत आहेत त्या तो पहिल्यांदाच पाहत आहे.